तेलातून ताटात, व्हाया कॅमेरा

रविवारी सकाळी पुण्यातून सिंहगड, पानशेत, ताम्हिणीकडे निघालेल्या प्रत्येक गाडीत एक हौशी फोटोग्राफर असतोच. बाकीची मंडळी खायला निघालेली असतात. हा खायलाही निघालेला असतो आणि काढायलाही. दोन्ही भुका नेमक्या एकाच वेळी खवळतात, सगळी गोची तिथेच आहे. मीही याच पंथातला, त्यामुळे निःपक्षपाताची अपेक्षा ठेवू नये.

मुळात भांडण वेळेचं आहे. कढईतून निघालेली कांदाभजी कुरकुरीत राहतात ती फार तर तीन-चार मिनिटं. आतल्या कांद्याची वाफ बाहेर पडायला बघते आणि वाटेत वरचं कवच मऊ करून जाते. ढीग रचला असेल तर खालची आधी बसतात. त्यात पावसाळी हवा, म्हणजे वाळायला वावच नाही. आणि फोटोग्राफरला काय काय करायचं असतं? तेल प्यालेला कागद लपवायचा, मिरची तिरकी ठेवायची, काकांचा ताटाकडे आलेला हात परतवायचा, चुलतभावाचा मोबाइल आणि गाडीची किल्ली चौकटीबाहेर काढायची. एवढं होईस्तोवर भज्यांनी मान टाकलेली असते. टपरीवरच्या मावशी वरून ऐकवतातच, "दादा, खाऊन घ्या की. गार झाल्यावर काय मजा हाय त्यात?"

मावशींचं बरोबर आहे. पण उपाय फोटो सोडणं हा नव्हे. भजी तेलात असतानाच सगळी मांडामांड उरकायची. रिकामी ताटली जागेवर ठेवायची, ठेचा, चिरलेला कांदा आणि ताकाचा ग्लास भोवती लावून घ्यायचा. मोबाइलच्या पडद्यावर ताटलीच्या जागी बोट दाबून धरलं की बहुतेक फोनवर फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. भजी आली की तीन क्लिक, आणि मग बाहेर पडावं. चौथा क्लिक मागणाऱ्याला ताकावर भागवायला लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोटोसाठी भजी खेकडाच हवीत. कांदा उभा आणि पातळ चिरून, मीठ चोळून दहा मिनिटं ठेवलेला, त्याच्याच सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढं बेसन, वरून पाण्याचा थेंब नाही, शेवटी कडकडीत तेलाचं मोहन. अशा भज्यांना पाय फुटतात आणि बाजूने उजेड आला की प्रत्येक पायाची सावली पडते. बेसन सैल भिजवलेली गोल भजी चवीला कितीही झकास असोत, फोटोत नदीतले गोटे दिसतात.

आता ताडपत्री. पावसाळ्यात टपऱ्यांवर निळी ताडपत्री ताणलेली असते आणि तिच्यातून गाळून आलेल्या उजेडात पिवळंधमक पिठलंही आजारी दिसतं. कॅमेरा तो निळेपणा आपणहून काढायला गेला, तर बाहेरचं धुकं नारिंगी होतं. दोन उजेड एकत्र आले की नंतर कितीही रंग फिरवा, एक सुधारला की दुसरा बिघडतो. म्हणून बसायचं ते ताडपत्रीच्या कडेला, उघड्या बाजूकडे तोंड करून. उजेड ताटाच्या पलीकडून, किंचित तिरका यायला हवा. मगच वाफ दिसते, तीही मागे काहीतरी काळं असेल तर. जुनी भिंत, झाडी, नाहीतर छत्री धरायला एखादा भाचा. अलीकडची बाजू अंधारली तर पांढरा रुमाल ताटाजवळ उभा धरावा, तेवढा परतलेला उजेड पुरतो. स्टीलची वाटी मात्र जपून. तिच्यात पिठल्याच्या वर रेनकोट घातलेला, पोट सुटलेला एक गृहस्थ हमखास दिसतो.

कॅमेरा बाहेर काढल्या काढल्या सगळं धूसर दिसत असेल तर त्याचं खापर दर वेळी गडावरच्या धुक्यावर फोडू नये. गाडीतल्या एसीत गार झालेल्या काचेवर बाहेरची दमट हवा लागली की पाणी साचतं. पुसलं तरी पुन्हा धरतं, कारण काच अजून गारच असते. सिंहगडाच्या पायथ्याचं डोणजे आलं की एसी बंद करून खिडक्या खाली कराव्यात. वर पोचेपर्यंत कॅमेरा हवेला सरावतो. वहिनींचे केस विस्कटतात. त्यांची समजूत कशी घालायची, हे ज्याचं त्याने बघावं.

मोबाइलवाल्यांचा धुरकटपणा वेगळा, तो भज्यांच्या तेलाचा. लेन्सवर बोटाचा एक ठसा उमटला की उजेडाभोवती पिसारा फुलतो. रेनकोटच्या बाहीने पुसलं तर तेल फक्त पसरतं. फुंकर घालून मऊ सुती कापडाने पुसावं. त्यापेक्षा उजव्या हाताने खावं आणि डाव्याने काढावं. आणखी एक: मोबाइल ताटाला फार चिकटवू नये. त्याची मुख्य लेन्स रुंद नजरेची, त्यामुळे पुढची भाकरी परातीएवढी आणि मागचं पिठलं चमचाभर दिसतं. दोन पावलं मागे सरून दुप्पट झूम करावा.

दही हे या सगळ्यात सर्वांत गुणी गिऱ्हाईक. मातीचं मडकं पाणी शोषून घेतं, म्हणून ते घट्ट, आणि घट्ट म्हणून पोझ देऊन बसतं. एकच अडचण, एवढं पांढरं बघून कॅमेरा बिचकतो आणि ते राखाडी करून टाकतो. एक्स्पोजरच्या पट्टीवर उजेड एक घर (+१) वाढवला की दही पांढरं होतं. धुक्याला हाच उपाय. मिसळीचं उलटं. लाल तर्री भडकून नुसता डाग दिसते, तिथे उजेड अर्धं घर उतरवावा. फरसाण रश्शात बुडायच्या आत फोटो उरकावा, तर्री सगळ्यात शेवटी चमच्याने सोडावी. ती तेलाचीच, वर तरंगणारच.

परतताना खडकवासल्याला कणीस. संध्याकाळी पंख्याच्या वाऱ्याने निखाऱ्यांवरून ठिणग्या उडतात, त्यांच्या रेघा हव्या असतील तर शटर एक पंधरांश सेकंद ठेवावं, कोपरं बरगड्यांना टेकवावीत आणि श्वास सोडताना बटण दाबावं. फ्लॅश लावणाऱ्याला लिंबू-मीठ देऊ नये.

हिवाळ्यात हीच मंडळी भिगवणला जातात, उजनीच्या पाणफुगवट्यावर. तिथे क्रम बदलतो: आधी रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, मग चिलापी माशाचं कालवण. होडी हलते, म्हणून शटर एक हजारांश सेकंदाहून वेगवान हवं. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात, तेव्हा वारा आणि ऊन दोन्ही आपल्या पाठीशी राहतील अशी होडी लावायला सांगावं आणि ते आपणहून उडेपर्यंत गप्प बसावं. हुसकावून उडवलेल्या पक्ष्यांची फक्त शेपटंच फोटोत येतात. नंतर चिलापी खाताना कॅमेरा पिशवीतच बरा. त्या काट्यांना दोन्ही डोळे लागतात.

ग्रुप फोटो मात्र कुठेही गेलात तरी जेवणाआधीच काढून घ्यावा. भाकरी-पिठलं-दही पोटात गेल्यावर कुणी उठत नाही, आणि उठलेच तर निम्म्यांचे डोळे मिटलेले असतात.