सूट फक्त कागदावर

इराणवरच्या अमेरिकेच्या निर्बंधांचा विषय निघाला की अन्न आणि औषधे त्यातून वगळलेली आहेत, हे पालुपद ऐकून माझे कान किटले आहेत. औषधाचे पैसे चुकते करायला एकही बँक धजावत नसेल, तर ती सूट काय चाटायची आहे?

इराणने अणुकार्यक्रमाला आवर घालायचा आणि त्या बदल्यात त्याच्यावरचे निर्बंध उठवायचे, असा अणुकरार इराण आणि अमेरिकेसह सहा बड्या देशांत २०१५ मध्ये झाला. इराण तो पाळत असल्याचे आंतरराष्ट्रीय निरीक्षक वारंवार सांगत असतानाही ट्रम्प यांनी ८ मे २०१८ रोजी अमेरिकेला त्यातून बाहेर काढले आणि निर्बंध पुन्हा लादले. औषधे आणि अन्नाच्या आड येऊ नका, असा एकमुखी अंतरिम आदेश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१८ रोजी दिला, तर ज्याच्या आधारे इराणने हा खटला भरला होता, तो १९५५ चा मैत्री करारच मोडीत काढत असल्याचे अमेरिकेने त्याच दिवशी जाहीर केले. पुढच्याच महिन्यात अनेक इराणी बँका स्विफ्टच्या, म्हणजे देशोदेशींच्या बँकांना पैशांच्या व्यवहारांसाठी जोडणाऱ्या, जाळ्यातून तोडल्या गेल्या.

एपिडर्मोलिसिस बुलोसा या आजारात मुलांची कातडी कपडा घासला तरी सोलवटते आणि जखमेवरची पट्टी साधी असेल तर तिच्याबरोबर कातडीही निघून येते. न चिकटणाऱ्या खास पट्ट्या बनवणाऱ्या स्वीडिश कंपनीने निर्बंधांमुळे इराणशी व्यवहार थांबवला. या लेकरांनी कुणाचे काय बिघडवले होते?

पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक इराणी विद्यार्थिनी भाड्याने राहते. फीची मुदत जवळ आली की ती फोन कानाला लावून गॅलरीत येरझाऱ्या घालते, कारण वडिलांजवळ पैसे असूनही ते तेहरानहून सरळ पाठवता येत नाहीत. तिसऱ्या देशातल्या कुणा ओळखीच्या माणसाच्या विनवण्या करून आणि मधल्यांना त्यांचा वाटा देऊन रक्कम पोहोचेपर्यंत रियाल आणखी घसरलेला असतो. करार झाला तेव्हा खुल्या बाजारात एका डॉलरला तीस-पस्तीस हजार रियाल पडत, २०२५ मध्ये तो आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. "काकू, या महिन्याचे भाडे थोडे उशिरा दिले तर चालेल का?" असे ती मान खाली घालून विचारते, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ज्या राजवटीला वठणीवर आणायचे म्हणून हे सारे चालले आहे, ती तर जागची हललेली नाही. तिचे तेल नावे बदललेल्या जहाजांतून आणि आडमार्गांनी चीनला जातच आहे.