कार्पेट एरियावरचा तो फॉरवर्ड चुकीचा आहे

घोडबंदर रोडला फ्लॅट बघणाऱ्या सगळ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, की कार्पेट एरिया म्हणजे गालिचा अंथरता येईल तेवढीच जागा, त्यात आतली भिंत धरली तर बिल्डरने फसवलं, बाल्कनी मात्र कार्पेटमध्येच येते, आणि 3 टक्क्यांपर्यंत जागा कमी दिली तर काहीच मागता येत नाही. यातलं एकही खरं नाहीये आणि लोक यावर विसंबून आयुष्यभराची पुंजी लावतायत, म्हणून लिहितोय.

आधी भिंती. 2016 च्या रेरा कायद्यात (बिल्डर आणि घर घेणारे यांच्यातल्या व्यवहाराचा केंद्राचा कायदा) कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे: बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइप वगैरे जातात ती पोकळी), आपली बाल्कनी, ओपन टेरेस वगळून वापरता येणारी जागा, पण घरातल्या पार्टिशनच्या भिंती धरून. हो, धरूनच! माझ्या मावसभावाने कासारवडवलीला पझेशनच्या वेळी खोल्याखोल्यांत टेप लावली, बेरीज अ‍ॅग्रीमेंटपेक्षा कमी आली आणि तो भांडायलाच निघाला. अरे पण हॉल-बेडरूममधली, किचनची, बाथरूमची अशी चार इंची भिंत 40 फूट जरी भरली तरी 13 चौरस फूट तिथेच गेले ना, ते मिळवले तेव्हा हिशोब जुळला. आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये आकडा चौरस मीटरमध्ये असतो, त्याला 10.764 ने गुणायचं, दहाने नाही.

बाल्कनीचा घोळ जुन्या मोफा कायद्यामुळे (रेराच्या आधीचा महाराष्ट्राचा फ्लॅटविक्रीचा कायदा) झालाय, त्यात ती कार्पेटमध्ये धरायचे. रेरात नाही, ती वेगळी दाखवतात. त्यामुळे वसंत विहारमधला जुना 500 फुटांचा फ्लॅट आणि खारघरच्या नव्या टॉवरमधला 500 चा, दोन्ही सारखे समजून रेट कम्पेअर करू नका. साइट ऑफिसमध्ये कोणी सेलेबल, सुपर बिल्ट-अप (म्हणजे जिने, लॉबी वगैरे धरून फुगवलेला आकडा) सांगायला लागलं तर सरळ म्हणा, रेरा कार्पेट किती ते सांगा, महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर ते असतंच.

राहिला 3 टक्क्यांचा मुद्दा, आणि मेसेजमधला सगळ्यात नुकसान करणारा हाच आहे. रेराच्या मॉडेल अ‍ॅग्रीमेंटप्रमाणे (ठरवून दिलेला नमुना करार) फरक 3 टक्क्यांच्या आत असावा हे बरोबर, पण तेवढा फरक फुकट सोडायचा असं कुठेही नाही. जागा कमी भरली तर जास्तीचे घेतलेले पैसे बिल्डरने 45 दिवसांत व्याजासकट परत द्यायचे असतात, वाढली तर तो आपल्याकडे जादा मागू शकतो. तेव्हा फायनल एरिया लेखी मागून घ्या, पझेशन लेटरवर सही करायच्या आधी.