राजेहो, क्रूझचा पहिला दिवस रांगेत जातो!

मुंबईहून केलेल्या क्रूझचे डेकवरचे फोटो टाकले त्याला पाच दिवस झाले, तेव्हापासून विचारपूस थांबायचं नाव नाही. शाळेतल्या मैत्रिणी, सोसायटीतल्या वहिनी, एवढंच काय, जावेच्या बहिणीचाही मेसेज आला. माझं तिचं बोलणं लग्नात झालं होतं तेवढंच. सगळ्यांचा सूर एक: "कशी होती गं? आम्हीपण जाऊन राहिलो फेब्रुवारीत."

तर आधी कबुली देते. ते सगळे फोटो संध्याकाळी पाचनंतरचे आहेत. सकाळी अकरापासून तोवरचा एकही फोटो मी टाकलेला नाही. त्या वेळात मी एक तर रांगेत होते, नाहीतर बसण्याच्या पाळीची वाट पाहत होते, नाहीतर सासूबाईंच्या आधार कार्डावरून वाद घालत होते. आणि जहाजावर ज्यांची ज्यांची चिडचिड ऐकली ती सगळी याच सहा तासांची होती. टूर बुक करून देणारे लोक स्विमिंग पूल दाखवतात, रील करणारे सूर्यास्त दाखवतात. हे सहा तास कोणी दाखवत नाही. वर हिशोब असा, की दोन रात्रींच्या क्रूझला जाहिरातीत 'तीन दिवस' म्हणतात, पण तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाला की उतरवतात. म्हणजे पहिला दिवस वाया गेला असं वाटलं तर अर्धे पैसे गेल्यासारखंच वाटणार. माझं म्हणणं एवढंच, की तो दिवस कसा असतो हे माहीत असलं तर तो वाया जात नाही.

सुरुवात नागपूरपासूनच करते, कारण आपली खरी अडचण तिथे आहे. मुंबईकराला बंदर म्हणजे टॅक्सीचा प्रश्न. आपल्याला समुद्र आठशेवर किलोमीटर लांब. रात्रीच्या गाडीने बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, स्टेशनपासून क्रूझचा धक्का, म्हणजे बॅलार्ड पिअर, दीडेक किलोमीटर, दुपारी जहाजात. कागदावर काय सुंदर दिसतं! मीही तसंच ठरवलं होतं. आमचे हे मात्र हटून बसले की एक दिवस आधी जायचं आणि डोंबिवलीला चुलत दिरांकडे मुक्काम करायचा. यावरून आमच्यात दोन दिवस अबोला होता. (ते बरोबर होते. हे इथेच लिहिते आहे, घरात बोलणार नाही.)

ते बरोबर होते हे कळलं टर्मिनलमध्ये. आम्ही रांगेत असताना मागून आवाज आला, "अहो काहून थांबवलं बाप्पा, आता तर सोडा!" वळून पाहायचीही गरज नव्हती, आपलंच माणूस. पाच जणांचं कुटुंब, मानेवाड्याचं. त्यांची गाडी कसाऱ्याच्या अलीकडे अडीच तास उभी राहिली होती. घामाने निथळत धावत आले आणि दार बंद व्हायला दहा मिनिटं असताना आत शिरले. कारण जहाज पाचला सुटणार म्हणजे पाचला पोचायचं नसतं. साधारण तास-दीड तास आधी चेक-इन बंद होतं, प्रवाशांची पक्की यादी संबंधित खात्यांकडे जाते, मग तुम्ही काचेपलीकडून कितीही हात हलवा. नागपूरला गाडी सुटली तर माणूस टॅक्सी करून वर्ध्याला गाठू शकतो. जहाजाला वर्धा नसतं.

वेब चेक-इन घरूनच करून घ्या, त्यात चढण्याची वेळ नेमून मिळते. ती वेळ पाळा. आपण 'लवकर जाऊन जागा पकडू' या संस्कारातले. इथे पकडायला जागा नसते, केबिन ठरलेली असते. लवकर गेलं तर फक्त जास्त वेळ खुर्चीवर बसायला मिळतं.

आता कागदपत्रं. देशातल्या देशात फिरणाऱ्या क्रूझला सरकारी फोटो ओळखपत्र चालतं, मूळ प्रत हवी, लहान मुलांचंही हवं. परदेशी बंदराला जाणाऱ्या क्रूझला पासपोर्ट. हे सगळ्यांना माहीत असतं. आम्ही कुठे अडकलो? सासूबाईंच्या आधारवर नावापुढे 'बाई' आहे आणि तिकिटावर नाही. काउंटरवरची मुलगी एकदा स्क्रीनकडे पाहायची, एकदा कार्डाकडे, एकदा आईंकडे. आई शांतपणे म्हणाल्या, "बाई तर मी आहेच की वो." मुलगी हसली, पण वरिष्ठांना बोलावणं, जुनं मतदार ओळखपत्र काढणं, एका कागदावर सही यात पंचवीस मिनिटं गेली. तिकीट काढतानाच अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. आणि घरात कोणी गरोदर असेल किंवा तान्हं बाळ असेल तर बुकिंगआधीच विचारा. बहुतेक कंपन्या सहाव्या महिन्यापुढच्या गरोदर बाईला आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घेत नाहीत, आणि हे बंदरावर कळणं म्हणजे फारच वाईट.

मग सामान. इथे आमचा खरा तमाशा झाला.

आई गेली चाळीस वर्षं रेल्वेने फिरताहेत आणि त्यांच्या बॅगेला साखळी-कुलूप असतं. बर्थखालच्या कडीला बॅग बांधल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. क्रूझवर काय होतं, टर्मिनलच्या दारातच तुमची मोठी बॅग घेतात, तिच्या मुठीला केबिन नंबरचा कागदी टॅग लावतात, आणि ती पट्ट्यावरून आत निघून जाते. परत दिसते थेट केबिनच्या दारात, तीही संध्याकाळी. आईंनी बॅग सोडलीच नाही. हमाल एका टोकाला, आई दुसऱ्या टोकाला. "पावती दे आधी," म्हणे. पावती नसते. शेवटी ह्यांनी त्यांचा हात अक्षरशः मुठीवरून सोडवला, आणि साखळी लोंबकळत असलेली ती बॅग पडद्याआड गेली. त्यानंतर संध्याकाळी साडेसातपर्यंत आईंनी मला किती वेळा विचारलं असेल, "आली का?"

तमाशा इथेच थांबला असता, पण त्यांच्या बीपीच्या गोळ्या त्या बॅगेत होत्या. चूक माझी. तेव्हा औषधं, चष्मा, चार्जर, ओळखपत्रं, लेकराचे एक जोडी कपडे, पोहायचं असेल तर तेही कपडे, हे सगळं खांद्याच्या पिशवीत ठेवा. सहा-सात तास त्या पिशवीवरच काढायचे आहेत.

पिशवी एक्स-रेमधून जाते. दारू बाहेरून नेता येत नाही. इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड काढून घेतात. आईंच्या पिशवीतून निघाली अगरबत्ती, निरांजन आणि काडेपेटी. सुरक्षारक्षक कोकणातला असावा, फार नम्रपणे म्हणाला, "आजी, देव न्या, काडेपेटी ठेवून जा." मला तेव्हा ते अतीच वाटलं. नंतर विचार केला तर पटलं. जहाजाला पाण्याइतकीच आगीची भीती. भर समुद्रात अग्निशमन दलाचा बंब येत नाही आणि पळून जायला रस्ता नसतो. निरांजन पिशवीतच राहिलं, दोन दिवस देवाला नुसता नमस्कार.

घरचं शिजवलेलं आत नेऊ देत नाहीत, म्हणून तिळाची चटणी आणि दशम्यांचा डबा आम्ही टर्मिनलच्या खुर्च्यांवरच संपवला. मानेवाड्याच्या कुटुंबालाही दिला. त्यांच्याकडे संत्रा बर्फी होती, पॅकबंद, ती आत गेली. त्या दिवसातलं सगळ्यात छान जेवण तेच, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे.

जहाजात शिरताना मोठा काहीतरी क्षण असेल असं मला वाटलं होतं. तसं नसतं. तुमचा फोटो काढतात, एक कार्ड देतात, उतरती-चढती पत्र्याची वाट चालत गेलात की एकदम गालिचा लागतो. जमीन कुठे संपली कळतही नाही. मला कळलं ते आईंमुळे. त्या मध्येच थांबल्या, खाली वाकून पाहिलं. धक्का आणि जहाज यांच्या मधे हातभर रुंदीची पाण्याची फट होती. काळपट हिरवं पाणी, त्यात एक नारळ आणि एक चप्पल. आईंनी एसटीच्या पायरीला करतात तसा जहाजाच्या पत्र्याला हात लावून नमस्कार केला आणि उजवा पाय आत टाकला. मागच्या रांगेने तेवढा वेळ दिला, त्यांचे आभार.

ते कार्ड जपा. केबिनची किल्ली तेच, ओळखपत्र तेच, पाकीटही तेच. पैसे जहाजावर असे चालत नाहीत, सगळं कार्डावर चढतं आणि शेवटी बिल येतं. 'सगळं इन्क्लुडेड' म्हणजे केबिन, ठरावीक ठिकाणचं जेवण, काही शो. थंड पेयं, चांगली कॉफी, दारू, इंटरनेट, स्पा यांचे पैसे वेगळे, आणि तो दारातला फोटोसुद्धा विकत. एकाने पोराला तीन कोल्ड्रिंक पाजले आणि बिल पाहून जे काही बोलला ते पक्कं सावजी होतं.

केबिन बहुधा दुपारी मिळते. तोवर हजारभर माणसं एकाच बुफेकडे धावतात. तिथल्या माणसाला विचारा की दुसरं जेवणघर उघडं आहे का. आमच्याकडे खालच्या मजल्यावर टेबल-खुर्चीवर वाढून देत होते आणि निम्मी टेबलं रिकामी होती. जैन किंवा बिनकांदा-लसूण हवं असेल तर पहिल्याच जेवणाला सांगून ठेवा.

आता ज्यावरून मला खरंच राग आला ते. जहाज सुटण्याआधी सेफ्टी ड्रिल असते. सात लहान भोंगे आणि एक लांब, हा इशारा. कार्डावर लिहिलेल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, जायचं, लिफ्ट वापरायची नाही, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते पाहायचं, कार्ड दाखवून हजेरी लावायची. काही जहाजांवर आता आधी व्हिडिओ दाखवतात आणि मग स्टेशनवर नुसती हजेरी. अर्ध्या तासाचं काम. आमच्या रांगेत एक जण जॅकेट उलटं घालून रील करत होता, दोघं "चला ना, वेळ कुठे वाया घालवता, पैसे भरलेत" म्हणून कर्मचाऱ्यांवर ओरडत होते.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीत जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आपटून कललं. ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी रोमजवळच्या बंदरात जे चढले होते त्यांची ड्रिल झालेलीच नव्हती, कारण तेव्हा ती २४ तासांच्या आत केली तरी चालायची आणि दुसऱ्या दिवशी ठेवली होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ती सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. तुमच्या पैशांतला अर्धा तास त्या लोकांमुळे जातो, ओरडायचं असेल तर हे माहीत करून ओरडा. माझ्या लेकीच्या मनगटावर स्टेशनचं अक्षर लिहिलेला पट्टा बांधला होता, तो तिने अजून काढलेला नाही.

ड्रिल झाली की मात्र पळा. जहाज सुटताना उजव्या बाजूला उभं राहायचं. मुंबईहून जहाज दक्षिणेला जातं, त्यामुळे गेटवे, ताज, कुलाबा सगळं उजवीकडे येतं आणि पुढे सूर्यास्तही त्याच बाजूला. डावीकडे घारापुरी आणि उरण. आमचे निम्मे लोक डावीकडे उभे राहून "गेटवे कुठाय" विचारत होते. जहाजाला ओढणाऱ्या टग बोटी बाजूला झाल्या, आणि थोड्या वेळाने एक छोटी होडी जहाजाला खेटून धावू लागली. बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला बंदराबाहेर वाट दाखवणारा माणूस, दोरीच्या शिडीवरून त्या हलत्या होडीत उतरला, जिन्यावरून उतरावा तसा. आमच्या वरच्या डेकवर डीजे सुरू होता, हे पाहणारे आम्ही सहा-सात जण होतो.

वेगाचं म्हणाल तर आमचं जहाज चाललं ते ताशी पंधरा-सोळा सागरी मैलांनी, म्हणजे तीसेक किलोमीटर. वर्धा रोडवर आपली ॲक्टिव्हा याहून जोरात जाते. पण उघड्या समुद्रात गेलं की पोटात हललेलं कळतं. उलटीची गोळी लागत असेल तर मळमळ सुरू झाल्यावर नाही, आधी घ्यायची असते, नागपुरातच डॉक्टरांना विचारून ठेवा. केबिन निवडता येत असेल तर खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची घ्या. आणि किनाऱ्याचं नेटवर्क गेलं की फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो आणि बिल घरी येतं.

साडेसातला बॅग आली. दार उघडलं तर समोर उभी, टॅगसकट, साखळीसकट. आईंनी कुलूप तपासलं, आत हात घालून साड्या मोजल्या, गोळी घेतली. आम्ही वर शो पाहायला गेलो, त्या म्हणाल्या मी जरा पडते.

परत आलो तेव्हा त्या गाढ झोपल्या होत्या, आणि बॅग पलंगाच्या पायाला साखळीने बांधलेली होती.