मोठ्या भावाचा सिबिल कसा वापरावा

बाबांची तेरवी आटोपली, पेटीतून मृत्युपत्र निघालं आणि त्याप्रमाणे देणी-वाटण्या करणारा व्यवस्थापक म्हणून नाव मोठ्या भावाचं! राजेहो, खचू नका. तुम्ही पुण्यात नोकरीला, पगार एक तारखेला, सिबिल आठशेच्या घरात. त्याचा उपयोग आता नाही करायचा तर कधी?

आधी भावाचा स्कोअर मिळवा. पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, पण ज्याचा त्यालाच. म्हणजे ओटीपी त्याच्या मोबाइलवर येणार. ‘भाऊ, पीएम किसानची केवायसी राह्यली’ म्हणा. तो चष्मा शोधून सगळे आकडे वाचून दाखवेल. असा सरळ माणूस, म्हणूनच बाबांनी त्याचं नाव लिहिलं असावं. ते तूर्तास बाजूला ठेवू.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये मोजतात. त्याचा पाचशेच्या आसपास निघाला की काम फत्ते. सोसायटीचं कर्ज दरवर्षी नवं-जुनं करत त्यानं रेटलं, मग २०१७ ला बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि गाडी घसरली ती घसरलीच. त्याच साली तुमच्या इंजिनिअरिंगची फीही भरली गेली होती, पण तो योगायोग बैठकीत काढू नका. पैसा कुठे गेला हे अहवालात छापत नाहीत, ही त्याची मोठी सोय आहे.

प्रिंट रंगीत काढा. तांबड्या भागातला काटा दुरूनही दिसतो. ओसरीवर मामा-काकांपुढे कागद ठेवून एवढंच विचारा, ‘ज्याला स्वतःचं कर्ज फेडता येत नाही, तो बाबांची इस्टेट काय सांभाळणार?’ आत्या म्हणेलच, ‘काहून रे, दवाखान्यात बाबाजवळ रातभर कोन बसे?’ तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घाला.

अडचण पुढेच आहे. कोणीतरी निवृत्त मास्तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ काढतो. त्याच्या कलम २२३ प्रमाणे अज्ञान किंवा वेडसर माणसाला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावरची कोर्टाची मोहर, मिळत नाही. मृत्युपत्रात नाव असलेला माणूस सज्ञान असावा आणि डोकं ठिकाणावर असावं, झालं! कर्जबाजारी चालतो. १९२५ साली सिबिल नव्हतं, हा दोष कायद्याचा, तुमचा नव्हे. डोक्याचा मुद्दा मात्र लावून धरता येईल: इतकं होऊन भाऊ अजून कापूसच पेरतो, हा पुरावा सबळ आहे. न्यायाधीश याच भागातले निघाले तर पंचाईत.

मुंबईसारखं प्रोबेट आपल्याकडे सक्तीचं कधी नव्हतंच, पण भांडायचं ठरलं की कोर्ट आलंच. कलम ३०१ खाली उच्च न्यायालय व्यवस्थापकाला काढू शकतं, तेव्हा नागपूरची एसटी पकडा. पण तिथे अफरातफर नाही तर गैरकारभार दाखवावा लागेल. आणि हा तर कायद्याच्या क्रमानंच चालला आहे: आधी अंत्यविधीचा खर्च, मग सोसायटी, कृषी केंद्राची उधारी, आणि उरलं तर वाटण्या. देणेकऱ्यांशी बोलायचा सराव त्याचा दांडगा आहे, हे मान्य करावं लागेल.

म्हणून शेवटचा उपाय: त्यालाच दमवा. सहा महिन्यांत मालमत्तेची यादी, वर्षात हिशेब, तोही कोर्टात, हे रोज फोनवर ऐकवा. कलम २३० प्रमाणे त्याला लेखी सही देऊन अंग काढून घेता येतं. एक दिवस तो म्हणेल, ‘तूच कर बाप्पा.’

अभिनंदन. आता मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्रासाठी, म्हणजे इस्टेट सांभाळायच्या कोर्टाच्या परवानगीसाठी, तुम्ही अर्ज करा. फक्त एक बारीकशी बाब. भावाला प्रोबेटसाठी हमीपत्र लागलं नसतं. तुम्हाला कलम २९१ प्रमाणे द्यावं लागेल, जामीनदारासकट. पुण्याचे मित्र आठवून पाहा. स्कोअर जपणारी माणसं दुसऱ्याच्या कागदावर सही करत नाहीत, तुम्हीही कधी केलेली नाही. मग गावातच बघावं लागेल. पानठेल्यावर सहज विषय काढा. सुपारी कातरता कातरता कोणीतरी सांगेलच, ‘जामीन? आमच्या गावात साऱ्याइले तुमचे भाऊच जामीन रायते जी.’