सिव्हिलच्या मुलांना शाश्वतता शिकवायची ती मिक्स डिझाइनमध्येच

"सिव्हिलच्या पोरांना शाश्वतता शिकवणं म्हणजे वेळ वाया घालवणं. आधी आरसीसी पक्कं करा. तो आर्किटेक्ट-क्लायंटचा प्रश्न आहे, त्याने खर्च वाढतो, आणि पर्यावरणाचा पेपर आहेच की." हा मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. मी काँक्रीट शिकवते आणि मला यातलं एकही वाक्य पटत नाही.

'आधी आरसीसी (सळया घातलेलं काँक्रीट) पक्कं करा.' जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7-8 टक्के आहे. त्यातला निम्म्याहून जास्त वायू चुनखडी भाजताना दगडातूनच सुटतो, भट्टीचं इंधन बदलून तो थांबत नाही. म्हणून क्लिंकर (चुनखडी भाजून मिळणारे गोळे, जे दळून सिमेंट होतं) कमी वापरायला हवं, आणि ते ठरतं मिक्स डिझाइनमध्ये, म्हणजे काँक्रीटमध्ये काय किती घालायचं याच्या हिशोबात. घनमीटरला 360 किलो ओपीसीऐवजी (साधं सिमेंट, जवळजवळ सगळं क्लिंकरच) 270 किलो ओपीसी आणि 120 किलो फ्लाय ॲश (वीजकेंद्रातल्या कोळशाची राख) धरली, तर साधारण 75 किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. पण 7 दिवसांचे क्यूब (चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे) फोडले की ताकदीचा आकडा कमी येतो आणि मुलं घाबरतात. तिथेच शिकवायची संधी असते. फ्लाय ॲशची ताकद उशिरा चढते, म्हणून आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक नुसत्या ओपीसीला किमान 7 दिवस क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) सांगतं आणि अशा मिश्रणाला 10. सेंटरिंग (काँक्रीटचा साचा आणि टेकू) खोलायची ओपीसीची मुदतही इथे डोळे झाकून धरता येत नाही. हे ज्याला कळलं, त्याचं आरसीसी पक्कंच झालं ना?

'आर्किटेक्ट-क्लायंटचा प्रश्न.' "सेफ साइडला अजून एक गोणी टाक" असं साइटवर सांगतो तो आपलाच इंजिनिअर. जादा सिमेंटने उष्णता वाढते, आकुंचनाच्या भेगा पडतात.

'खर्च वाढतो.' कधी वाढतो, खरं आहे. आयएस 383 या खडी-वाळूच्या मानकाच्या 2016 च्या आवृत्तीनुसार एम 25 या ताकदीच्या श्रेणीपर्यंतच्या आरसीसीत जुन्या काँक्रीटची खडी 20 टक्क्यांपर्यंत चालते, पण प्रक्रिया केंद्र लांब असेल तर वाहतूकच अंगावर येते. उलट फ्लाय ॲश सिमेंटपेक्षा स्वस्त, आणि कोराडी-चंद्रपूरच्या वीजकेंद्रांतून ती रोज निघते. कुठे काय परवडेल, हा हिशोब मुलांकडून करून घ्या.

'पेपर आहेच.' आहे. त्यात परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण येतं, मिक्स डिझाइन येत नाही. मुलं शेवटच्या आठवड्यात पाठ करून सुटतात. माझी मागणी साधी आहे: मिक्स डिझाइनच्या जर्नलमध्ये (प्रात्यक्षिकाच्या वहीत) किलो आणि रुपयांच्या शेजारी कार्बनचा एक रकाना वाढवा. त्यासाठी नवा विषय लागत नाही, जादा तासही लागत नाहीत.