जत्रेचं नाटक उभं करणारी मुलं गावाचं कामही पेलू शकतात

गोव्यातल्या कुठल्याही गावात जत्रेच्या आधीचा महिना बघा. रात्रीची जेवणं आटोपली की देवळाच्या सभामंडपात नाटकाची तालीम सुरू. कुणी वर्गणीच्या पावत्या घेऊन वाड्यावाड्यावर फिरतंय, कुणी मंडपवाल्याशी भाव ठरवतंय, कुणी पडदे, लाईट, मेकअप यांची जबाबदारी घेतलीय. सगळी कॉलेजात जाणारी नाहीतर नुकती नोकरीला लागलेली मुलं. जत्रा संपली की हीच मुलं देवळात बसून गावासमोर पैन् पैचा हिशेब देतात. नेतृत्व म्हणजे काय हे त्यांना कुणी भाषण देऊन शिकवलेलं नसतं. काम अंगावर पडतं आणि ती शिकतात.

मग समाजसेवेच्या शिबिरात गेल्यावर त्याच मुलांच्या हातात आपण नुसता झाडू आणि बॅनर का देतो? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतोय, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

युवक चळवळींवर माझा मनापासून विश्वास आहे. राष्ट्र सेवा दल १९४१ साली नव्याने उभं राहिलं तेव्हा साने गुरुजी, एसेम जोशी, नानासाहेब गोरे यांनी मुलांना नुसती कवायत शिकवली नाही. कलापथकं काढली, अभ्यासमंडळं चालवली, जात विसरून एकत्र जेवायला बसवलं. त्याच नानासाहेबांनी १८ मे १९५५ रोजी सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत पाऊल टाकलं, मार खाल्ला आणि दीड वर्षाहून अधिक काळ पोर्तुगिजांच्या तुरुंगात काढला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोळ्यांसमोर उभे राहिले. गोव्याच्या सीमेवरचं पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक त्यांचंच. सावंतवाडीला जाताना आपण कितीदा तरी त्या बाजूने जातो, पण गाडी थांबवून मुलांना हे सांगणारे पालक मला फार कमी भेटलेत.

गोवा मुक्तीनंतरचंही एक उदाहरण आहे. विद्यार्थ्यांना बसच्या तिकिटात ५० टक्के सवलत मिळावी म्हणून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गोव्यातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि ती मिळवून घरी गेले. पेडणे, सत्तरी, काणकोण या तालुक्यांतल्या किती मुलामुलींचं शिक्षण त्या अर्ध्या तिकिटामुळे पुढे सरकलं असेल! मोठ्यांनी शिकवावं आणि लहानांनी ऐकावं अशा पद्धतीने हे घडलं नव्हतं.

राष्ट्रीय सेवा योजना, आपल्या बोलण्यातलं एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ रोजी गांधी जन्मशताब्दी वर्षात सुरू झालं, तेव्हा ३७ विद्यापीठांत मिळून सुमारे ४० हजार विद्यार्थी होते. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर, ही त्याची चौकट. चौकट चांगलीच आहे. पण तास भरायचे म्हणून भरले, समुद्रकिनाऱ्यावर सकाळी दोन तास प्लास्टिक उचललं, फोटो काढला, प्रमाणपत्र मिळालं, एवढ्यावर थांबलं तर मुलांच्या हाती काय लागलं? पुढच्या रविवारी तो किनारा पुन्हा तसाच असतो, आणि कचरा येतो कुठून हे विचारायची वेळ मुलांवर येतच नाही.

आता डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावचं सांगतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात, कारण उतारावरून पाणी सरळ नदीला आणि नदीतून समुद्राला. म्हणून पावसाळा सरल्यावर व्हाळात, म्हणजे ओढ्यात, गोणपाटाच्या पिशव्या मातीने भरून कच्चा बंधारा घालतात. शिबिराच्या मुलांनी एका वर्षी तो घातला. बंधारा कुठे घालायचा हे कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, आयुष्य काढलेल्या एका आजोबांनी दाखवलं. पुढच्या वर्षी तीच मुलं परत आली (हे महत्त्वाचं, कारण बहुतेक शिबिरं दरवर्षी नवं गाव शोधतात). पिशव्या कुजून गेलेल्या. दर वर्षी असंच करत राहायचं का, असं त्यांनीच विचारलं. मग अर्ज लिहिला, पंचायतीत गेली, आणि मतदारयादीत नुकतंच नाव लागलेली एक मुलगी रविवारच्या ग्रामसभेत उभी राहून पक्क्या बंधाऱ्याबद्दल बोलली. सुरुवातीला आवाज कापत होता. सरपंचांनी मध्येच थांबवायला बघितलं तेव्हा मात्र ती म्हणाली, "दादा, माझं पूर्ण होऊंदे." मी मागच्या बाकावर होतो. कुठल्याही बक्षीस समारंभात झाला नसता एवढा आनंद मला त्या दिवशी झाला.

२३ जुलै २०२१ च्या पुरानंतर सत्तरीत मदतीला गेलेल्यांनीही हेच पाहिलं असेल. घराघरात चिखल, भिंती कोसळलेल्या, आणि मदत म्हणून जुन्या कपड्यांचे ढीग. आमच्यासोबतच्या एका कॉलेजच्या मुलाने कपडे बाजूला ठेवले आणि वही घेऊन दारोदार विचारत फिरला. कुणाला बीपीच्या गोळ्या हव्या होत्या, कुणाची कागदपत्रं भिजली होती, एका घरी शाळेची पुस्तकं गेली होती. संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे जी यादी झाली ती आमच्यापैकी कुठल्याही वडीलधाऱ्याकडे नव्हती. आधी विचारायचं, मग द्यायचं, हे त्याला चिखलात उभं राहून समजलं.

दोन गोष्टी मात्र मला खटकतात. निवडणूक आली की या मुलांना गोळा करून झेंडे धरायला लावणारे लोक. अशाने चांगली फळी फुटते आणि परत सांधत नाही. आणि संध्याकाळ झाली की मुलींना घरी बोलावणारे आपण. तालमीला मुलगी चालते, जत्रेत रात्रभर चालते, मग सात दिवसांच्या शिबिराला नको का? सोबत शिक्षिका असतात, राहायची सोय जाऊन बघता येते. बघून या आणि पाठवा.

संस्था चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की मुलांना खर्चाचे अधिकार द्या. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण ती त्यांनी ठरवून खर्च केलेली असावी आणि गावासमोर मांडलेली असावी. चुका होतील, नाटकाच्या पहिल्या वर्षीही होतात आणि गाव सांभाळून घेतं.

यंदा शिबिराचा संमतीचा कागद घरी येईल तेव्हा सही करायच्या आधी कार्यक्रम अधिकाऱ्यांना, म्हणजे शिबिर सांभाळणाऱ्या शिक्षकांना, फोन करा. मुलं कुठल्या गावात जाणार, पुढच्या वर्षी त्याच गावात परत जाणार का, आणि हिशेबाची वही कुणाच्या हातात असणार, एवढं विचारून घ्या.