एका प्रतिक्रियेला उत्तर : मने जुळण्याची अपेक्षा फक्त आजचीच का?

व्हिक्टोरियन कादंबऱ्यांतील विवाहांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे असे की, मनांची अनुरूपता ही आजची अपेक्षा असून मी ती एकोणिसाव्या शतकातील नवराबायकोंवर लादली. त्या काळी लग्न म्हणजे मिळकत आणि प्रतिष्ठा, दुसरे काही नाही, असे आपण म्हणता. शिवाय मी ‘मिडलमार्च’ कादंबरीतील रोझमंडवर अन्याय केला, कायद्याचा विचार केला नाही, आणि ‘घरात बसून कादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांनी सामाजिक इतिहासात शिरू नये’, असेही आपण सुनावले आहे. मतभेद मी आनंदाने ऐकते. पण या शेवटच्या वाक्याला मतभेद म्हणत नाहीत, उर्मटपणा म्हणतात. हीच शंका आपण सभ्यपणे विचारली असती, तर माझ्या उत्तराचा सूरही निराळा असता.

कायद्याचा मुद्दा मान्य आहे. १८५७ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये न्यायालयातून घटस्फोट मिळू लागला, तरी पतीला पत्नीचा व्यभिचार दाखवणे पुरेसे होते, आणि पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हे लेखात यायला हवे होते. पण त्याने आपली बाजू बळकट होत नाही; जिथून सुटका नाही, तिथे मने न जुळणे अधिकच जाचते.

आता लग्न म्हणजे केवळ मिळकत आणि प्रतिष्ठा, या आपल्या ठाम विधानाकडे वळते. डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ ही कादंबरी १८४९–५० मध्ये, म्हणजे या कायद्याच्याही आधी, मासिक भागांतून प्रसिद्ध झाली. तिच्या पंचेचाळिसाव्या प्रकरणात ॲनी स्ट्राँग म्हणते की, मन आणि हेतू यांच्या विजोडपणाएवढी दुसरी विषमता लग्नात नाही. हे म्हणणाऱ्या ॲनीचा नवरा तिच्याहून वयाने कितीतरी मोठा आहे, आणि तरीही ती त्याच्याजवळ सुखी आहे; विजोड ठरला असता तो तिचा नात्यातला तरुण भाऊ. हे शब्द डेव्हिडच्या मनातून जात नाहीत, कारण त्याचे आपल्या बायकोवर, डोरावर, निस्सीम प्रेम आहे आणि तरीही आपले विचार वाटून घेणारे घरात कोणी नाही, हे त्याला उमगले आहे. तो तिला शेक्सपिअर वाचून दाखवतो, तिची बुद्धी घडवू पाहतो, ती नुसती घाबरते. शेवटी तो हा नाद सोडतो आणि तिच्यासाठी कर्णफुले घेऊन येतो. ही उणीव मी लादलेली नाही, डिकन्सनेच ती लिहिली आहे.

‘मिडलमार्च’मध्ये जॉर्ज एलियट या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेने हाच प्रश्न अधिक कठोरपणे मांडला. लिडगेट आणि रोझमंड परस्परांवर भाळूनच लग्न करतात. पुढे कर्ज झाल्यावर तो घर भाड्याने द्यायचे ठरवतो, आणि ती त्याला न सांगता ती व्यवस्था रद्द करते, त्याच्या नातलगाला परस्पर पत्रही लिहिते. भांडण पैशावरून आहे हे खरे. पण त्याची वैद्यकीय संशोधनाची ओढ तिला कधीच मोलाची वाटली नाही, आणि तिच्या इच्छेतही काही निश्चय असू शकतो हे त्याने कधी जाणलेच नाही, म्हणून ते पैशापाशी थांबत नाही. निव्वळ मिळकत आणि प्रतिष्ठा एवढाच विषय असता, तर लेखिकेने या दोघांवर इतकी पाने का खर्च केली असती?

आपण माझे घर काढलेत, म्हणून सांगते. माझे लग्न पत्रिका आणि घराणे पाहून ठरले. माझे यजमान सज्जन होते, पण मला जे सांगावेसे वाटे ते त्यांना निरर्थक वाटे, आणि त्यांना जे मोलाचे वाटे ते मला. अनुरूपतेची अपेक्षा ठेवायला मला कोणीही शिकवले नव्हते; तिची उणीव मात्र पहिल्याच वर्षी कळली. तेव्हा ‘अपेक्षाच नव्हती, म्हणून दुःखही नव्हते’ हे तर्कशास्त्र मला तरी ऐकवू नये.

रोझमंडविषयी आपले मत आपल्याजवळ असू द्यावे. इतर आक्षेपांत उत्तर देण्याजोगे मला काही आढळले नाही. यापुढे लिहायचे झाल्यास ते पंचेचाळिसावे प्रकरण वाचून लिहावे, आणि मी कुठे बसून वाचते याची चौकशी त्यात नसावी.